खुर्चीवरून लिहिलेला आकडा

बारापात्रेकाकाजी दर तासाच्या ठोक्याला उठायचे. जेवत असले तर हात धुऊन उठायचे, समोरचा बोलत असला तर त्याचं वाक्य अर्धं ठेवून उठायचे. कारखान्यात असले की पॅनल रूममधल्या मीटरांपुढून एक फेरी मारायचे. घरी असले की दाराशेजारच्या विजेच्या मीटरपुढे जाऊन उभे राहायचे. कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, आकडा वाचायचा, ओठांत एकदा घोळवायचा आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. घरच्या मीटरचा आकडा तासातासाला लिहून काय मिळतं, हे त्यांच्या बायकोला, निर्मलाकाकूंना, लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी कळलं नव्हतं. "सासूबाईनं सांगतलं होतं, पोरगा निर्व्यसनी हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "हे नव्हतं सांगतलं."

माझी आणि काकाजींची पहिली भेट हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पोलाद वितळवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर झाली. मी कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे आणि आमच्या गटात पत्रकं मी लिहिते. फाटकावर पत्रक वाटणाऱ्याला लोकांचे तीन प्रकार कळतात. घेऊन खिशात कोंबणारे, घेऊन चार पावलांवर टाकणारे आणि घेतच नाहीत असे. काकाजी चौथे निघाले. त्यांनी पत्रक घेतलं, पोह्याच्या टपरीच्या सावलीत उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचलं, खिशातून लाल पेन काढलं, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि पत्रक मला परत दिलं.

भट्टीजवळच्या उष्णतेबद्दल ते पत्रक होतं. तापमानाचा आकडा मी पहिल्याच ओळीत ठळक टाकला होता. लाल रेघ नेमकी त्याच्याखाली होती.

"हे मोजलं का वं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, आम्हाला आत जाऊ देत नाहीत, मोजणार कसं? पण सगळे कामगार सांगतात.

"मंग तसं लिव्ह ना. आत जाऊ देत नाई म्हनून मोजता आलं नाई. हे बी खरंच हाय, अन् लय बेकार खरं हाय."

मला राग आला. आमच्या गटातल्या ज्येष्ठांनी मला पत्रक लिहायला शिकवलं होतं: वाक्य सात-आठ शब्दांचं, आकडा पहिल्या ओळीत, शंका घरी ठेवून यायची. आणि हे खाकी शर्टातले, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन लावलेले गृहस्थ मला सांगत होते, की शंकाच छाप. मी काहीतरी टोचून बोलले. ते हसले, घड्याळ बघितलं, म्हणाले, "चाललो, अकरा वाजून राहिले," आणि पोहे अर्धे टाकून आत गेले. तेव्हापासून मी फाटकावर दिसले की ते "आली का पत्रकवाली" म्हणायचे. माझं नाव त्यांनी पुढे विचारून घेतलं, वहीत लिहिलं, आणि तरी कधी वापरलं नाही.

ते मूळचे खाप्याचे. वडिलांचा हातमाग. माग मोडीत निघाल्यावर हा मुलगा आयटीआयला गेला, वायरमन झाला आणि या कारखान्याच्या पॅनल रूममध्ये लागला. एकतीस वर्षं त्याच खोलीत. त्यांचं काम म्हटलं तर सोपं: भट्ट्यांना जाणाऱ्या विजेवर लक्ष ठेवायचं आणि दर तासाला दहा-बारा मीटरांचे आकडे लॉगशीटमध्ये भरायचे. ते कसं होतं हे मला नंतर कळलं. बहुतेक जण आठ तासांचे आकडे शिफ्ट संपता संपता एका दमात भरतात. मागचा आकडा बघायचा, त्यात दोन मिळवायचे किंवा दोन वजा करायचे, झालं. त्याला तिथे 'खुर्चीवरून भरणं' म्हणतात. कुणाला त्यात फारसं वावगं वाटत नाही, कारण भट्टी रोज तशीच चालते आणि आकडेही रोज तसेच येतात.

काकाजींनी खुर्चीवरून कधी भरलं नाही. "आकडा आपल्या पायानं चालत जाऊन आनावा लागते," ते म्हणायचे. एकदा दुपारी एका सहकाऱ्याला चक्कर आली, काकाजी त्याला घेऊन दवाखान्यात गेले आणि दोनचं रीडिंग राहिलं. परत आल्यावर त्यांनी त्या ओळीत 'घेतलं नाही' लिहिलं. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. साहेब म्हणाले, भरून टाका. काकाजी म्हणाले, दोन वाजता मी इथं नव्हतो, तर आकडा कोणी पाहिला? त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरी खिळ्याला टांगला होता. पाहुण्याला आधी तो दाखवायचे, मग चहा.

चुकीचा आकडा पडला, तर तो खोडरबरानं मिटवायचा नाही, गिरवायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर आकडा, त्यापुढे सही आणि वेळ. हा नियम तसा सगळ्याच लॉगशीटवर छापलेला असतो. तो पाळणारा माणूस मी एकच पाहिला. "चूक दिसली पाहिजे," ते म्हणायचे, "अन् कोणाची हाय ते बी."

आणि हा माणूस रुक्ष मुळीच नव्हता. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजावरून ते घरातलं व्होल्टेज सांगायचे, मग मीटर लावून तपासायचे, कारण स्वतःच्या कानावरही त्यांचा विश्वास नव्हता. नरखेडकडच्या मेहुण्याच्या बागेतली मोसंबी आली की सोलून प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवायचे आणि स्वतः सालं हुंगत बसायचे. वस्तीत मोबाइलच्या टॉवरविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा ते दारात उभे राहून हसत होते. "टॉवरले भेते, अन् भेते ते कोनाले सांगते? कानाले फोन लावून भावाले सांगते."

आजार आधी हस्ताक्षरात दिसला. लॉगशीटमधले त्यांचे आकडे छापल्यासारखे असत. ते वाकडे व्हायला लागले. मग टॉर्च हातातून सुटली. मग शर्टाची बटणं काकू लावू लागल्या. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो त्यांच्या उजव्या हातावर आत बसला होता, खळगा पडल्यासारखा. सरकारी दवाखान्यात महिनाभर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं: मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. डोकं बहुधा शाबूत राहतं, आणि काकाजींचं तर शेवटपर्यंत राहिलं.

त्यानंतर आठवड्याभरानं त्यांनी मला घरी बोलावलं. मला वाटलं, मदत हवी असेल. त्यांना टेबल हलवायचं होतं.

पॅनल रूममध्ये ऑपरेटरचं टेबल पूर्वेच्या भिंतीला लावलेलं आहे. त्या भिंतीच्या पलीकडून भट्टीला वीज नेणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्या जातात. प्रवाह वाहतो तिथे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही आणि भिंतीनं ते अडत नाही. काकाजींना ते जुन्या डबा मॉनिटरमुळे कळलं होतं. भट्टी पूर्ण जोरात आली की पडद्यावरचं चित्र थरथरायचं. मॉनिटर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला की थांबायचं. नंतर चपटा मॉनिटर आला. "थरथर दिसाची बंद झाली," काकाजी म्हणाले. "गेली थोडीच."

मग त्यांनी जळलेल्या पंख्याच्या तारेचं एक वेटोळं गुंडाळलं, ते मल्टिमीटरला जोडलं आणि भिंतीपासून एकेक पाऊल मागे येत फरशीवर खडूनं आकडे लिहिले. टेबलाशी सगळ्यात मोठा, दहा फुटांवर अगदीच थोडका. महिनाभर, वेगवेगळ्या वेळी, प्रत्येक वेळचे आकडे निळ्या वहीत. "माह्या जुगाडाचा आकडा खरा किती, ते मले नाई माहीत," ते म्हणाले. "पन इथं जास्त अन् तिथं कमी, एवढं खरं हाय."

हे घेऊन ते मॅनेजरकडे गेले होते. उत्तर आलं की फोन, कॉम्प्युटर आणि एसीची वायरिंग त्याच भिंतीत आहे आणि धोक्याचा पुरावा नाही.

मी तोवर उठून उभी राहिले होते. डोक्यात मथळा तयार झाला होता. त्यांनी मला खाली बसवलं आणि जे सांगितलं ते मी शब्द न बदलता लिहिते, कारण तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं.

"हे पाह्य, या टेबलानं मले बिमारी देल्ली असं मी म्हनत नाई. डॉक्टरबी म्हनत नाई. मी तीनदा करंट खाल्ला हाय, त्याच्यानं बी असन, नाई तं कशानंच नसन. पन मी जाईन अन् माह्या खुर्चीवर मडावीबाई बसन. वीस वर्सं बसन. ज्याची खात्री नाई त्याच्यापासून दहा फूट दूर बसाले काय जाते?"

मडावीबाई म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली ऑपरेटर, तिशीची, काकाजींनंतर आकडे चालत जाऊन आणणारी त्या खोलीतली एकटी.

घरी जाऊन मी वाचलं. विजेच्या कामगारांमध्ये हा आजार थोडा जास्त आढळतो असं काही अभ्यास म्हणतात, काही म्हणत नाहीत. जिथे आढळतो तिथेही दोष चुंबकीय क्षेत्राचा की विजेच्या झटक्यांचा, यावर एकमत नाही. म्हणजे जाणकारही तेच म्हणत होते जे काकाजींनी मला मोसंबी सोलता सोलता सांगितलं होतं. मला ते पुरेसं वाटलं नाही. 'ज्याची खात्री नाही' या शब्दांनी पत्रक सुरू होत नाही, असं मला शिकवलेलं होतं.

निळी वही त्यांनी वाचायला माझ्याकडे दिली होती. तिच्या शेवटच्या पानावर काकाजींनी 'विचारायचे' असं लिहून त्याखाली पाच नावं लिहिली होती. पहिलं नाव स्वतःचं. बाकी चार त्याच खोलीत कधीतरी काम केलेल्यांची. कुणाचा हात कापतो असं ऐकलं होतं, कुणाला लकवा झाला असं ऐकलं होतं. काकाजी एकेकाच्या घरी जाऊन विचारणार होते. पाय साथ देईना म्हणून राहिलं होतं.

मी कोणालाच विचारलं नाही. मी मथळा दिला: 'एकाच खोलीत पाच बळी'. खाली पाचही नावं. मध्यभागी काकाजींच्या उजव्या हाताचा फोटो, अंगठ्याचा खळगा नीट दिसेल असा. छापायच्या आधी एकदा वाचून दाखव, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी सांगितलं, छापखानेवाल्याला आजच मजकूर हवा आहे. छापखान्याची काही घाई नव्हती. ते हो म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

पत्रक जोरात गेलं. माझी इतर पत्रकं चार पावलांवर पडतात. हे लोकांनी मागून घेतलं, फोटो काढून पुढे पाठवलं. कारखान्यांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयानं दोन्ही बाजूंना बोलावलं. आमच्या गटात पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले.

सुनावणीला काकाजींना निर्मलाकाकू ई-रिक्षातून घेऊन आल्या. तोवर त्यांचं बोलणं जड झालं होतं. शब्द तोंडात ओले होऊन बाहेर येत. काकूंनी त्यांना इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता, खिशाला दोन्ही पेनं लावली होती. कारखान्याच्या माणसानं एक फाइल उघडली. मी जे काम केलं नव्हतं ते त्यांनी केलं होतं. चौघांच्या घरी जाऊन आले होते. एकाचा लकवा रक्तदाबाचा, दवाखान्याच्या कागदासकट. दुसऱ्यानं स्वतःच लिहून दिलं होतं की हात दारूनं कापतो, बाकी कशानं नाही. तिसरा स्कूटरवरून पडून अधू झाला होता. आणि चौथे, शेंडेमामा, स्वतः हजर होते. मागच्या बाकावरून उठले, हात जोडले.

"मी कधी बळी झालो गा साहेब? मी तं सकाळी भेंडी तोडून आलो."

सगळे हसले. अधिकारीही हसले. मग त्यांनी हसू आवरून मला विचारलं, पाच हा आकडा कुठून आला?

माझ्यासमोर टेबलावर हिरवं कापड होतं. त्यावर शाईचा एक जुना डाग होता, आंब्याच्या आकाराचा. तो मला अजून जसाच्या तसा काढून दाखवता येईल. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी लिहिला, न विचारता. मी डाग बघत राहिले.

शेजारून आवाज आला. काकाजी उजवा हात डाव्या हातानं उचलून धरून वर करत होते, शाळेत करतात तसा.

"मी... सांगतलं," ते म्हणाले. "माही... चूक."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. कारखान्याचा माणूस लगेच म्हणाला, ज्यांना माणसं मोजता येत नाहीत, त्यांनी पंख्याच्या तारेनं मोजलेलं आपण काय धरून चालायचं? वेटोळ्याचे आकडे, खडूच्या खुणा, टेबल दहा फूट सरकवायची एका ओळीची मागणी, सगळं त्या एका वाक्याखाली गेलं. शेरा पडला: तक्रार विश्वासार्ह नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, काकाजी, असं काहून केलं? ते बराच वेळ जुळवाजुळव करत होते. मग म्हणाले, "तुले... लय पत्रकं लिवायची हायेत अजून. माहं लिवनं... सरलं." रिक्षात बसताना काकूंचा हात थांबवून आणखी एकच वाक्य बोलले. "दुरुस्ती कर बरं. रेघ मार. बाजूले लिव."

मी हो म्हणाले. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं अजून माझ्यापाशी आहे. सुनावणीतल्या गप्प बसण्याहून मला त्याची लाज जास्त वाटते.

दुरुस्ती मी केली नाही. गटातले लोक म्हणाले, आता मागे घेतलं तर मालकांचं फावेल. मी ते लगेच मानलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच विषयाचं पत्रक घेऊन फाटकावर गेले. पोह्याच्या टपरीवर पाळी सुटलेले दोघे बोलत होते. एक म्हणाला, बुढा बिमारीचा फायदा घ्यायला निघाला होता. दुसरा म्हणाला, "पाह्य ना, साऱ्या जिंदगीत एकच आकडा खुर्चीवरून लिवला बारापात्रेनं, अन् तोच पकडला." पहिल्याला इतकं हसू आलं की चहा सांडला. मी तिथून तीन हातांवर होते. त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी माझा चहा संपवला, कप ठेवला आणि दुसऱ्या फाटकाकडे गेले.

पुढे काकाजींचं बोलणं पूर्ण थांबलं. काकूंनी पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून घेतली होती. त्या अक्षरांवरून बोट फिरवत, हव्या त्या अक्षरावर काकाजी डोळे मिटत. तासाचा ठोका पडला की त्यांची नजर दाराकडे वळायची. काकू उठायच्या, मीटर वाचून यायच्या, आकडा मोठ्यानं सांगायच्या, मग वहीत लिहायच्या. वही मी परत केली होती. तिच्यात आता काकूंचं पोक काढलेलं अक्षर सुरू झालं होतं. त्यात फक्त आकडे नव्हते. कोण आलं, कोणतं औषध संपलं, जे जे झालं ते सगळं, वेळेसकट. मी एकदा थट्टेनं म्हणाले, काकू, तुम्हालाही लागलं की व्यसन. त्या म्हणाल्या, "आता कळलं मले, काहून लिवत होते. तास लय मोठा राह्यते वं. त्याले मधात कुठं तरी धरावं लागते."

माझ्या शेवटच्या भेटीत काकाजी माझ्याकडे बघत राहिले. मग पुठ्ठ्याकडे. काकूंनी बोट फिरवलं. दु. रु. तिसऱ्या अक्षराला मी समजले. काकू म्हणाल्या, "ते विचारून राहिले, केली का दुरुस्ती."

मी म्हणाले, "हो काकाजी, केली. छापायला दिलीय."

त्यांनी डोळे मिटले. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पाणी न पिताच उठले.

ते महिन्याभरानं गेले. तेराव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर काकूंनी वही आणली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. माझ्या त्या भेटीचा दिवस. अकराचं मीटर रीडिंग लिहिलेलं. 'पत्रकवाली आली' लिहिलेलं, वेळेसकट. त्याखालची ओळ कोरी. बाराचं रीडिंग त्या ओळीच्याही खाली.

"तू गेल्यावर मी लिवाले बसली, दुरुस्ती झाली म्हनून," काकू सांगत होत्या. आवाज अगदी सपाट. "तं त्यायनं नाई म्हनलं. मी पुठ्ठा धरला. तं म्हने, पाह्यलं नाई. पाह्यलं नाई तं लिवाचं नाई. जागा सोडून ठेव म्हने."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी खोटं बोलते आहे, हे त्यांना कळलं होतं आणि तरी त्यांनी मला खोटी ठरवणारी एक ओळही लिहू दिली नव्हती. त्यांनी जागा सोडली होती. त्या कोऱ्या ओळीसाठी एकेक अक्षर डोळ्यांनी दाखवायला किती वेळ लागला असेल, हे मी काकूंना विचारू शकले नाही. त्यांनी वही मिटली, ट्रंकेत ठेवली आणि मला म्हणाल्या, "जेवून जा."

दुरुस्ती लिहायला मला त्यानंतरही आठ महिने लागले. गटात भांडण झालं. दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत. शेवटी अर्ध्या पानाचा मजकूर झाला. जुना मथळा तसाच छापला आणि त्यावर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: एक माणूस आजारी होता. उरलेल्या चौघांना मी विचारलंच नव्हतं. त्यांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय छापली, त्याबद्दल त्यांची माफी मागते. पाच हा आकडा वसंतराव बारापात्रे यांनी सांगितलेला नाही. तो मी खुर्चीवरून लिहिला आणि सुनावणीत त्यांनी तो आपल्या अंगावर घेतला, तेव्हा मी गप्प बसले. त्यांचा आजार कशानं झाला, हे मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. टेबलाशी चुंबकीय क्षेत्र जास्त आणि दहा फुटांवर कमी, हे त्यांनी महिनाभर मोजलं होतं. योग्य मीटर लावून मोजावं म्हणून आम्ही गेलो. आत जाऊ देत नाहीत म्हणून मोजता आलं नाही. टेबल दहा फूट सरकवा, एवढीच त्यांची मागणी होती. खाली सही आणि वेळ.

छापील प्रत घेऊन मी आधी काकूंकडे गेले. त्यांनी ती वाचली, घडी केली आणि परत दिली. म्हणाल्या, "वाटशीन तवा मी येते."

त्या खरंच आल्या. ई-रिक्षातून, एकट्या, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. पोह्याच्या टपरीच्या सावलीत बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. सकाळची पाळी आत जात होती. काहींनी खिशात कोंबलं, काहींनी चार पावलांवर टाकलं. तो चहा सांडणारा माणूस आला, घेतलं, उभ्यानं वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेला. शेंडेमामांची प्रत मी आदल्या दिवशीच बाजारात जाऊन दिली होती. त्यांनी तिच्यात मिरच्या बांधल्या.

मडावीबाई शेवटी आल्या. पूर्ण वाचलं. "एवढं लिवाले इतके दिवस लागले का वं तुले?" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हो. त्या काकूंकडे वळल्या आणि विचारलं, काकाजींचं ते तारेचं वेटोळं घरी आहे का? काकूंनी पिशवीत हात घातला आणि ते काढून त्यांच्या हातात दिलं. पिशवीत घालून आणलंच होतं. मडावीबाईंनी ते डब्याच्या पिशवीत पोळ्यांच्या खाली ठेवलं आणि ठोका पडायच्या आत फाटकातून आत गेल्या.

माझ्याकडचे सगळे कागद संपल्यावर काकूंनी वही काढली. रिक्षाच्या सीटवर ठेवून, वाकून, ते पान शोधलं. लाल पेन काकाजींचंच होतं. कोऱ्या ओळीत त्यांनी सावकाश लिहिलं, मी शेजारी उभी राहून वाचत होते: दुरुस्ती वाटली. पाहिलं. मग आजची तारीख, वेळ आणि आपलं नाव, निर्मला वसंतराव बारापात्रे.

लिहून झाल्यावर त्यांनी वर न बघता विचारलं, "टेबल?"

"भिंतीलाच आहे," मी म्हणाले.

त्यांनी वहीचं चालू पान उघडलं, आज सकाळी लिहिलेल्या मीटरच्या आकड्याखाली 'टेबल' एवढाच शब्द लिहिला, आणि त्यापुढची जागा कोरी सोडून वही मिटली.